नव्या चीनला मान्यता: वाट भारताची, ब्रिटनची की अमेरिकेची?

'1949 मध्ये नव्या कम्युनिस्ट चीनला मान्यता देण्यात भारताने घाई केली का?' या प्रश्नावर बाजू घ्यायची असेल, तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. मान्यता एकतर्फी देता येते, तिला एक पत्र पुरते. राजदूतांची देवाणघेवाण मात्र दोघांच्या संमतीनेच होते, आणि तिची किंमत पेकिंगने (आजचे बीजिंग, म्हणजे नव्या कम्युनिस्ट राजवटीने) सप्टेंबर 1949 च्या सामायिक कार्यक्रमातल्या, म्हणजे तिच्या तात्पुरत्या राज्यघटनेतल्या, कलम 56 मध्ये आधीच लिहून ठेवली होती: कुओमिंतांगशी (यादवी युद्धात हरून तैवानला गेलेल्या चँग कै-शेकच्या पक्षाशी) संबंध तोडा, मग बोलणी.

भारत. 30 डिसेंबर 1949 ला बिनशर्त मान्यता, 1 एप्रिल 1950 पासून राजनैतिक संबंध. पटेल आणि राजाजी सबुरीच्या बाजूचे होते. पण देश प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशीच व्यवहार करावा लागतो, हे नेहरू आणि राजदूत पणिक्कर यांचे मत टिकले.

ब्रिटन. अभ्यास करायचा तर हाच नीट करा, कारण अर्धवट मान्यता म्हणजे काय ते इथे दिसते. हाँगकाँग आणि चीनमधली मोठी गुंतवणूक डोळ्यांसमोर ठेवून परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी 6 जानेवारी 1950 ला मान्यता दिली. आठवडाभरातच, 13 जानेवारीला, कुओमिंतांगच्या प्रतिनिधीला सुरक्षा परिषदेतून काढण्याचा सोव्हिएत ठराव मतदानाला आला. भारताने बाजूने मत दिले, ब्रिटन तटस्थ राहिले. शिवाय तैवानमधल्या तामसुईचे ब्रिटिश वाणिज्य दूतावास चालूच होते आणि हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर अडकलेल्या सत्तरेक चिनी विमानांच्या मालकीचा वाद कोर्टात गेला. पेकिंगने या सगळ्यावर बोट ठेवले. प्रभारी राजदूतांपर्यंत मजल गेली ती 1954 मध्ये. पूर्ण राजदूत 1972 मध्ये, तामसुईचे कार्यालय बंद केल्यावर.

अमेरिका. तीन निकष होते: प्रदेशावर ताबा, आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या पाळण्याची तयारी आणि जनतेची संमती. गाडी दुसऱ्यावर अडली. मुकडेनमधले (आजचे शेनयांग) अमेरिकी वाणिज्य दूत अँगस वॉर्ड वर्षभर अडकून होते; 14 जानेवारी 1950 ला पेकिंगमधली अमेरिकी वाणिज्य दूतावासाची मालमत्ता ताब्यात घेतली गेली आणि अमेरिकेने सगळे अधिकारी परत बोलावले. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. मान्यता दिली गेली 1 जानेवारी 1979 ला.

ज्याची सीमा चीनला भिडते, त्याला अमेरिकेसारखे थांबणे परवडणारे नव्हते. म्हणून 'घाई झाली' ही बाजू मला कच्ची वाटते. समोरचा लगेच विचारेल, की थांबून अमेरिकेने काय मिळवले? टीका करायचीच असेल तर ती पुढच्या पायरीवर करा. तिबेटमधल्या यातुंग आणि ग्यांत्से इथल्या लष्करी तुकड्या, तिथली टपाल-तार व्यवस्था हे हक्क भारताच्या हातात होते. मान्यतेशी ते जोडले नाहीत आणि एप्रिल 1954 च्या करारात सोडून दिले. त्या करारात शिपकी, माना, नीती ते लिपुलेखपर्यंत सहा खिंडींची नावे आहेत, पण सीमा निश्चित करणारे एकही कलम नाही.