प्रबंधाला इम्युनोथेरपी घ्यावी की टार्गेटेड? दोन्हीकडे हात पोळलेल्याचं मत

कर्करोगावरच्या प्रबंधाचा विषय ठरवायला बसला असाल, तर आधी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरचे दोन पेपर शेजारी शेजारी उघडा. एक २०१० चा इपिलिमुमॅबचा (इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं औषध), दुसरा २०११ चा व्हेमुराफेनिबचा (टार्गेटेड, म्हणजे कर्करोगपेशीतल्या एका बिघडलेल्या प्रथिनावर नेम धरणारं). दोन्ही ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधले. मजकूर राहू द्या, नुसते आकडे आणि आलेख बघा. व्हेमुराफेनिबवर ४८ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, नुसत्या इपिलिमुमॅबवर जेमतेम ११ टक्के. पण किती रुग्ण हयात राहिले हे दाखवणारी इपिलिमुमॅबची रेघ उतरता उतरता आडवी होते. पुढे अनेक चाचण्यांचे रुग्ण एकत्र करून पाहिलं, तेव्हा ती तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला २० टक्क्यांच्या जरा वर थांबली आणि दहा वर्षांपर्यंत फारशी हललीच नाही. व्हेमुराफेनिबची रेघ सुरुवातीला दिमाखात वर असते आणि पुढच्या पाठपुराव्यात घसरत जाते.

माझी नजर पहिल्यांदा आडव्या रेघेवरच गेली होती. बहुतेकांची जाते. तरीही मी आज दुसऱ्या, टार्गेटेडच्या गटात बसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

बीरॅफ (व्हेमुराफेनिब ज्याला रोखतं ते, पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन) कुठल्या साखळीत बसतं, पीडी-१ (टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरचा ब्रेक) काय करतं, हे खोलात सांगत बसत नाही. ते माहीत नसतं तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

पहिल्या वर्षी मला दोन्ही गटांत सहा-सहा महिने काढता आले. आधी इम्युनो. तिथं माझ्याकडे आलं पीडी-एल१ (पीडी-१ चा ब्रेक दाबणारं, कर्करोगपेशींवरचं प्रथिन) मोजण्याचं काम. ऐकायला सोपं आहे: फुप्फुसाच्या गाठीची स्लाइड, त्यावर तपकिरी रंग, आणि ज्या कर्करोगपेशींच्या कडेला तो रंग चढलाय त्यांची टक्केवारी. किमान १०० जिवंत कर्करोगपेशी दिसल्या पाहिजेत, एवढीच अट. मी आणि आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडम दोन जणांच्या सूक्ष्मदर्शकावर समोरासमोर बसायचो. आकडा आधी कागदावर लिहायचा आणि मग बोलायचं, असा त्यांचा नियम. एका स्लाइडवर मी ४५ लिहिलं, त्यांनी ६०. त्यांनी भिंग वाढवून दाखवलं, तेव्हा कळलं की एका कोपऱ्यातल्या फिकट कडा मी सोडून दिल्या होत्या. पुढच्या स्लाइडवर मी ७० लिहिलं, त्यांनी ३०. “अहो, त्या मॅक्रोफेज आहेत, रोगप्रतिकारक पेशी. त्यांनाही रंग चढतो. त्या धरायच्या नाहीत.”

आता हे शिकण्यातलं आहे, हात बसतो, मान्य. पण २०१६ च्या ज्या चाचणीने पेम्ब्रोलिझुमॅबला (पीडी-१ रोखणारं औषध) फुप्फुसाच्या कर्करोगात पहिल्या उपचाराची जागा मिळवून दिली, तिची रेषा नेमकी ५० टक्क्यांवर होती. म्हणजे डोळा जिथं सगळ्यात जास्त डगमगतो तिथंच. त्यात प्रत्येक औषधाबरोबर स्लाइड रंगवायची वेगळी अँटिबॉडी आली. चार चाचणी-संच एकत्र तपासले गेले, तेव्हा तीन साधारण एकमेकांशी जुळले आणि चौथा, एसपी१४२, मात्र रंग चढलेल्या कर्करोगपेशी कमी दाखवत राहिला. कुठं फक्त कर्करोगपेशी मोजायच्या, कुठं रोगप्रतिकारक पेशीही बेरजेत धरायच्या. या सगळ्यावर कडी म्हणजे शून्य टक्केवाल्यांतले काही जण औषधाला छान उत्तर देतात आणि ९० टक्केवाल्यांतले काही अजिबात देत नाहीत.

सहा महिने मी हे केलं. कंटाळा आला असं म्हणणार नाही, पण संध्याकाळी खोलीवर परतताना आज नक्की काय कळलं, याचं उत्तर माझ्याकडे नसायचं. टी-पेशींच्या प्रयोगांतही तेच. तीन रक्तदात्यांच्या पेशी घेतल्या की तीन निकाल. चौथा दाता घेतला की पहिल्या तिघांचा लागलेला मेळही बिघडायचा. गाईड म्हणायचे, “जीवशास्त्र आहे, असंच असतं.” बरोबरच होतं त्यांचं. मलाच ते पचलं नाही.

मग टार्गेटेड. इथला माझा पहिला पराक्रम सांगण्यासारखा आहे. ए३७५ पेशी, मेलानोमाच्या, व्ही६००ई (बीरॅफमधल्या ६०० व्या जागेवरचा बदल) असलेल्या. व्हेमुराफेनिबचा डोस थोडा थोडा वाढवत चार महिने त्या रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या केल्या. एका शुक्रवारी घाईत मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रव) बदललं आणि औषध घालायचं राहून गेलं. सोमवारी बघतो तर अर्ध्याहून जास्त पेशी तळ सोडून तरंगत होत्या. मला वाटलं संसर्ग झाला. शेजारच्या टेबलावरची सीनियर हसली आणि म्हणाली, “औषध घातलं होतंस का?” या पेशी औषधाला नुसत्या सरावत नाहीत, त्यांना औषधाचं व्यसन लागतं. ते काढून घेतलं की बीरॅफच्याच साखळीत पुढे असलेल्या ईआरके या प्रथिनाचा इशारा इतका उसळतो की पेशींना तोच झेपत नाही. उरलेल्या पेशींचा ब्लॉट (प्रथिनाचं प्रमाण पट्टीच्या गडदपणावरून दाखवणारी तपासणी) केला तर ईआरकेच्या इशाऱ्याची पट्टी सरळ दिसत होती: औषध असताना फिकट, काढल्यावर काळीकुट्ट.

चार महिने पाण्यात गेले. पण चूक कुठं झाली आणि ती का भोवली, हे दोन दिवसांत हातात आलं. इम्युनोच्या सहा महिन्यांत असा एकही सोमवार माझ्या वाट्याला आला नव्हता.

अर्थात इथंही सगळं आलबेल नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवर नेमकं हेच दाखवलं होतं: रेझिस्टंट गाठींचं औषध थांबवलं की त्या मागे हटतात, मग औषध अधूनमधून देऊन रेझिस्टन्स लांबवता येईल. कल्पना इतकी देखणी की ती चुकेल असं वाटतच नव्हतं. २०२० मध्ये माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला आणि सलग औषध घेणाऱ्यांचा आजार मधल्या हिशेबाने ९ महिने आवरला, खंड पाडून घेणाऱ्यांचा साडेपाच. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये कुणी फार बोललं नाही.

शिवाय शेत फार नांगरलेलं आहे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांना वाढवणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनाचं बघा: २००४ मध्ये उत्परिवर्तनं सापडली, २००५ मध्ये पहिल्या औषधांना चुकवणारं टी७९०एम हे उत्परिवर्तन, २०१५ मध्ये त्यावर ओसिमर्टिनिब हे औषध, आणि मग त्यालाही चुकवणारं सी७९७एस. तुम्ही येईपर्यंत सोप्या जागा भरलेल्या असतील. मात्र ‘औषध बसायला जागाच नाही’ म्हणून सोडून दिलेल्या के-रास या कर्करोग वाढवणाऱ्या प्रथिनामध्ये २०१३ साली एक खाच सापडली आणि २०२१ मध्ये त्यावरचं औषध मंजूर झालं. त्यामुळे नांगरलेल्या शेतातही कधी काय लागेल, सांगता येत नाही.

रुग्णाच्या बाजूने विचाराल तर तागडी दुसरीकडे झुकते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. व्ही६०० मेलानोमात आधी काय द्यावं, यावरच्या ‘ड्रीमसेक’ चाचणीत इम्युनोथेरपीने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के दोन वर्षांनी हयात होते, टार्गेटेडने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ५२ टक्के. तरी त्या आलेखात पहिले काही महिने टार्गेटेडची रेघ वर आहे, आणि मग दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात. तो छेद माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. पेशी त्या काळात काय करत असतात, हा माझा प्रबंध. तुमचा ओढा रुग्णांकडे असेल, वॉर्डात फिरून नमुने जमवायचे असतील, तर कदाचित माझं ऐकू नये.

दोन्ही एकत्र करू, असं अनेक जण सुचवतात. सुचवायला छान आहे. पण व्हेमुराफेनिब आणि इपिलिमुमॅब एकत्र देण्याचा प्रयोग २०१३ मध्ये यकृताला इजा होऊ लागल्याने थांबवावा लागला होता. फुप्फुसाच्या कर्करोगात तर नुसता क्रमही महागात पडतो. आधी पीडी-१ किंवा पीडी-एल१ रोखणारं औषध आणि पाठोपाठ ओसिमर्टिनिब दिलं, तर काहींना फुप्फुसाला सूज येण्यासारखे गंभीर त्रास झाले. उलट क्रमात तसं दिसलं नाही. का, हा प्रश्न चांगला आहे. पण पहिल्याच वर्षी दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला मी तरी तो सुचवणार नाही.

फॉर्मवर सही करण्याआधी एवढंच करून बघा. पीडी-एल१ रंगवलेल्या दहा स्लाइड मागून घ्या, आकडे लिहा, कागद कुणाकडे तरी ठेवायला द्या. आठवड्याने त्याच स्लाइड नावं झाकून पुन्हा मोजा. दोन यादींतला फरक बघून, हे असं का होतंय म्हणून खुर्ची पुढे ओढावीशी वाटली, तर तुमचा गट ठरला. चिडचिड झाली, तर आमच्याकडे इन्क्युबेटरमध्ये एक कप्पा रिकामा आहे. शुक्रवारी मीडियम बदलताना औषध तेवढं आठवणीने घाला.