स्किन ग्लूचा रिव्ह्यू: भारी आहे, पण सगळीकडे नाही

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हा पोटावरच्या बारक्या छेदांना वरून टाके नाहीतच, ग्लू लावला, डर्माबाँड. फेविक्विकच्याच खानदानातला. पण म्हणून कापलेल्या बोटावर फेविक्विक ओतणाऱ्या बहाद्दरांनी जरा थांबा, त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट (चिकटवणारं रसायन) वेगळ्या जातीचं, सुकताना तापतं आणि कातडीची आग होते. दवाखान्यातला निर्जंतुक असतो, सुकल्यावरही थोडा लवचिक राहतो, अमेरिकेत १९९८ पासून त्याला मान्यता आहे.

कडा जुळवून धरायच्या, वरून पातळ थर द्यायचा, मिनिट-दोन मिनिटांत सुकतो. तो जखमेच्या आत घालत नाहीत हं, खाली गरज असेल तिथे विरघळणारे टाके असतातच, ते आपल्याला दिसत नाहीत एवढंच. साधारण ५ ते १० दिवसांत पापुद्रा आपोआप निघतो. टाके काढायला परत खेटा नाही, माझे निम्मे मार्क इथेच दिले! अंघोळीला डॉक्टर हो म्हणाले की पाणी चालतं, फक्त घासायचं नाही, पोहायला जायचं नाही, आणि घरातलं कोणी कितीही मागे लागलं तरी खोबरेल, व्हॅसलीन, मलम काहीही लावायचं नाही, तेलकट लागलं की थर सैल होतो. खाज येते, पण उचकटू नका.

आईचा गुडघा बदलला तेव्हा मात्र स्टेपलच्या पिना होत्या. लांब चीर, त्यात सांधा वाकणार, सगळा ताण जखमेवर, तिथे नुसत्या ग्लूच्या भरवशावर कोण सोडेल? पिना मारायला झटपट, पण काढायला वेगळा चिमटा लागतो आणि काढताना आईचं तोंड बघवत नव्हतं. वहिनीच्या सिझरला आतून विरघळणारे टाके घातले, मला ते पटलं, कारण सिझरमध्ये पिनांपेक्षा टाक्यांनी जखम उघडायचं प्रमाण कमी असतं असं अभ्यासात दिसलंय.

ग्लूचंही तेच, टाक्यांच्या तुलनेत जखम सुटायची शक्यता थोडी जास्त. शिवाय बिलात त्याची वेगळी ओळ येते, साध्या नायलॉनच्या दोऱ्यापेक्षा महाग, आधी विचारून घ्या. आणि नकली नखं किंवा पापण्या चिकटवायच्या गोंदाने कधी पुरळ आलं असेल तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना नक्की सांगा, त्यातही बहुतेक वेळा सायनोअ‍ॅक्रिलेटच असतं.