निपाणीतली माती तपासणी लॅब : ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते खाली सांगतो

आमची ताई वणीकडं दिलीय, यवतमाळ जिल्ह्यात. सासरच्या रानाला कोळशाच्या खाणीचा शेजार, एका बांधाला लागून कोळशाच्या ट्रकांचा रस्ता आणि मधला पट्टा खालच्या जुन्या खाणीमुळं खचून खोलगट झालेला. दिवाळीला दाजी येणार होते, आम्हाला आमच्या उसाच्या रानाची माती द्यायचीच होती, म्हटलं तुमची पण एक पिशवी आणा.

आधी लॅबला फोन केला हे लै बरं झालं. तिथल्या सरांनी सांगितलं, खचलेल्या रानाची माती एकत्र कालवू नका, सरासरी निघंल पण ती रानातल्या कुठल्याच जागेची नसंल. वरचा सपाट भाग, उतार, खोलगट आणि रस्त्याकडंची पट्टी, चार वेगळ्या पिशव्या. प्रत्येक भागात पाच-सहा ठिकाणी १५ सेंटीमीटर खोल खड्डा, सावलीत वाळवून अर्धा किलो, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात अजिबात भरायची नाही.

निपाणी कर्नाटकात, म्हणून रिपोर्ट कन्नड आणि इंग्रजीत. त्यात मुख्य आकडा सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत आलेला कर्ब. त्याला कन्नडमधी 'सावयव इंगाल' म्हणतात, आपला इंगळ आठवला बघा. ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.७५ च्या वर जास्त. उतार एकदम कमी, कारण जमीन कलली की पावसात वरची चांगली माती धुऊन जाते. ती खोलगटात साठते म्हणून तिथं कर्ब बरा निघाला, पण पाणी तुंबून कापूस पिवळा पडतो ते वेगळंच. सपाट भाग मध्यम. आणि रस्त्याकडंची पट्टी सगळ्यात जास्त! दाजी व्हिडिओ कॉलवर खूश, म्हणाले तिथला युरिया कमी करतो.

सरांनी तिथंच थांबवलं, मराठीत नीट समजावलं. या टेस्टमधी कोळशाच्या धुळीतला कर्ब पण थोडाफार मोजला जातो, म्हणजे आकडा फुगतो. पण तो कर्ब शेणखतासारखा जिवाणूंना खाता येत नाही, त्यातून पिकाला नत्र, म्हणजे युरियातून देतो ते, मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी नत्राची शिफारस कर्बावरूनच काढतात, मग अशा रानात ती चुकणारच की. त्यांनी नत्राची वेगळी टेस्ट करून दिली, त्यात पट्टी कमीच निघाली. ही एक गोष्ट कळली नसती तर ताईच्या घरचं त्या पट्टीतलं एक पीक उपाशी गेलं असतं, खरंच सांगतो.

एक स्टार कापला तो उशिरासाठी. चार दिवस म्हणून बारा दिवस लावले, तोवर दाजी परत गेलेले, सगळं समजावणं मग व्हिडिओ कॉलवर. आमच्या उसाचा कर्ब पण कमीच आला, पाचट जाळतो म्हणून. यंदा जाळणार नाही. दाजींनी उताराला आडवे बांध घालून शेणखत आधी तिथंच टाकायचं ठरवलंय.