वळूची निवड: मुलींच्या नोंदी की जीनोमिक अंदाज?

सोलापूरच्या उन्हात संकरित होल्स्टीन गाय किती वेते टिकेल, याचा अंदाज वळूच्या मुलींच्या नोंदींवरून बांधता येतो किंवा थेट त्याच्या डीएनएवरून, म्हणजे जीनोमिक अंदाजाने. पहिला मार्ग प्रत्यक्षावर उभा आहे. परंतु उत्पादक आयुष्याची (गाय दुधाच्या कळपात किती काळ टिकते याची) आनुवंशिकता, म्हणजे गायींमधल्या फरकात वंशाचा वाटा, ० ते १ च्या मापावर जेमतेम ०.१ च्या आसपास असल्याने खूप मुली लागतात, त्या गोठ्यातून बाहेर पडेपर्यंत वर्षे जातात, आणि अजून दुधात असलेल्या गायींच्या अपूर्ण नोंदीही हिशेबात धराव्या लागतात (दुसऱ्या गोठ्याला विकलेली गाय तर वेगळीच अडचण). अमेरिकेत २००९ पासून अधिकृत असलेला जीनोमिक अंदाज वळू वासरू असतानाच मिळतो. मात्र थंड प्रदेशातील संदर्भ-कळपावर (ज्या गुरांचे डीएनए आणि नोंदी जुळवून अंदाज बसवला जातो त्यांवर) बेतलेला आकडा सांगोल्याच्या एप्रिलात तसाच लागू पडेल, असे मानणे मला धाडसाचे वाटते. तो पहिल्या चाळणीपुरताच वापरावा.