बाईंचा नाच कॅसेटमधून बाहेर काढणारे दुकान

कोकणातील एका तालुक्याच्या गावी आयुष्यभर गणित शिकवलेल्या आमच्या बाईंच्या वर्षश्राद्धाला माजी विद्यार्थ्यांनी एकत्र यायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या घरच्या माळ्यावरील जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून आणण्याचे काम माझ्याकडे आले. ते पुण्यातील पेठेतल्या एका लहान दुकानाने करून दिले. हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे.

बाईंविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण कामाची पारख त्यावरच होणार आहे. स्नेहसंमेलनाचे लेझीम, टिपरी, कोळीनृत्य त्याच बसवत आणि पावले चुकणाऱ्याला शिक्षा म्हणून पाढे म्हणायला लावत. श्रावणात मंगळागौरीचे बोलावणे आले की नऊवारी नेसून जात आणि पन्नाशी उलटल्यावरही दंडफुगडीत तरुण मुलींना दमवत. मास्तरीणबाईंनी इतके नाचावे काय, अशी कुजबुज गावात होतीच. बाईंनी तिची दखल घेतल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

कोकणच्या दमट हवेत कॅसेटींवर पांढरी बुरशी धरली होती. दुकानदारांनी त्या लगेच यंत्रात घातल्या नाहीत, कारण बुरशी यंत्रातल्या, फीत वाचणाऱ्या हेडला चिकटून पुढच्या गिऱ्हाइकाच्या फितीलाही लागते. त्यांनी आधी फिती वाळवून वेगळ्या यंत्रावर स्वच्छ केल्या. ही काळजी मला मोलाची वाटली, कारण व्हीएचएसची यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या फुनाई कंपनीने 2016 मध्येच उत्पादन थांबवले असून आता जी आहेत ती जपूनच वापरावी लागतात.

नाचाच्या दृष्टीने खरी कसोटी त्यापुढे होती. आपल्याकडच्या 'पाल' (PAL) या दूरचित्रवाणी पद्धतीच्या चित्रणात सेकंदाला 50 अर्धचित्रे असतात, आणि प्रत्येकात एकाआड एक रेषा असतात. स्वस्तात काम करणारे लोक दोन-दोन अर्धी चित्रे जोडून सेकंदाला 25 पूर्ण चित्रे करतात. बसून बोलणाऱ्या माणसाचे त्यात फारसे बिघडत नाही, पण फुगडीतल्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसू लागतात. या दुकानाने प्रत्येक अर्धचित्राचे स्वतंत्र चित्र करून सेकंदाला 50 चित्रे ठेवली, आणि लेझमीचा हात वर जाऊन खाली येईपर्यंतची हालचाल सलग दिसली. पडद्याच्या तळाशी एक थरथरती पट्टी राहिली आहे; ती या फितींत असतेच आणि मला ती खटकली नाही.

त्याहून मोठा लाभ अनपेक्षित होता. जुन्या दूरदर्शन संचांवर चित्राच्या चारही कडांचा थोडा भाग पडद्याबाहेर जात असे, त्यामुळे तो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. दुकानाने पूर्ण चौकट उतरवली, आणि एका स्नेहसंमेलनाच्या चित्रणात डाव्या कडेला, विंगेच्या आडोशाला, मुलांना पावले दाखवणाऱ्या बाई दिसल्या. दाखवणे कधीच संपले होते. मुले आपापली नाचत होती आणि बाई त्यांच्याकडे न पाहता स्वतःच्याच तालात होत्या.

तक्रार एकच आहे, पण लहान नाही. दुकान जादा पैसे घेऊन 'स्मरणचित्रफीत' बनवून देते. आमच्यासाठी केलेल्या नमुन्यात आजच्या रुंद पडद्यावर बसावे म्हणून चित्र वरून-खालून कापले होते, म्हणजे नाचणाऱ्या बाईचे पायच उडवले होते. वर चित्र संथ केलेले, लेझमीचा आवाज काढून टाकलेला आणि त्या जागी बासरीचे रडवे संगीत. ज्या बाईंनी एका मात्रेची ढिलाई कधी खपवून घेतली नाही, त्यांच्या नावाने असे काही दाखवणे आम्हाला पटले नाही. दुकानदारांनी वाद न घालता तो भाग रद्द केला व त्याचे पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

दर चित्रणाच्या तासांवर आहे, बुरशी काढण्याचे वेगळे पडतात, आणि कामाला सांगितल्यापेक्षा बराच उशीर होतो, म्हणून कार्यक्रमाची तारीख गाठायची असेल तर कॅसेटी पुष्कळ आधी द्याव्यात. देताना मूळ चौकट न कापता, मूळ आवाजासह आणि सेकंदाला 50 चित्रांनीच फाइल हवी, असे पावतीवर लिहून घ्यावे. स्मरणचित्रफितीसाठी मात्र दुसरीकडे जावे, किंवा आम्ही केले तसे करावे: मेळाव्यात तासाभराचे चित्रण काहीही न जोडता सलग लावले, आणि पन्नाशीला आलेले आमचे वर्गमित्र खुर्च्या सरकवून लेझमीची पावले टाकू लागले.