लॅव्हेंडर तेल, आठ महिन्यांनंतर: झोपेला उपयोग झाला, त्वचेला नाही

मी नाशिकला एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, अठरा वर्षं झाली. ड्यूटी फिरती. आठवडाभर मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट. नाइट संपवून सकाळी साडेआठला घरी आलं की डोळे चुरचुरतात, पाय भरून येतात आणि झोप मात्र जवळ फिरकत नाही. डोक्यात हँडओव्हर चालूच असतो. तीन नंबरचं सलाइन सांगितलं का, कोपऱ्यातल्या आजींच्या लघवीची नोंद केली का. दुसरी तक्रार हातांची. दर रुग्णामागे हात धुवायचे, वर सॅनिटायझर लावायचा, त्यामुळे हिवाळ्यात बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि जेवताना मीठ-तिखट झोंबतं. या दोन गोष्टींसाठी गेल्या ऑक्टोबरात लॅव्हेंडरचं तेल आणलं. आता जून उजाडलाय. या आठ महिन्यांत काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण घेण्याआधी मी शोधलं तेव्हा मराठीत नुसती स्तुती वाचायला मिळाली होती.

पहिली बाटली फुकट गेली. ऑनलाइन १४९ रुपयांना १५ मिली मिळाली, वर ‘शंभर टक्के शुद्ध’ छापलेलं. झाकण उघडताच नाकात झणका गेला, कापूर आणि अत्तर एकत्र केल्यासारखा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. असं तेल उडून जायला हवं, मागे फार तर पुसटसा रंग राहावा. माझ्या कागदावर सकाळी भज्यांच्या कागदावर पडतो तसा पारदर्शक डाग होता. म्हणजे आत कुठलं तरी साधं तेल मिसळलेलं. ही चाचणी सगळी भेसळ पकडत नाही, कारखान्यात बनवलेलं सुगंधी रसायन घातलं असेल तर तेही उडूनच जातं. पण ढोबळ फसवणूक तरी कळते.

मग किमतीचा हिशेब मांडला. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहला मक्याच्या शेतांवर आता लॅव्हेंडर होतं. जम्मूच्या आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेनं अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या सरकारी योजनेतून तिथल्या शेतकऱ्यांना रोपं दिली, तेल काढायला मदत केली, आणि लोक त्याला जांभळी क्रांती म्हणायला लागले. त्या शेतकऱ्यांना लिटरमागे साधारण १०,००० रुपये मिळतात असं बातम्यांत आलं होतं. म्हणजे १० मिलीचे १०० रुपये शेताच्या बांधावरच झाले. त्यात बाटली, खोका, कुरिअर, विकणाऱ्याचा नफा धरा. एवढं सगळं करून कुणी १५ मिली १४९ रुपयांना देईल का? शंभर किलो फुलं वाफेवर चढवली तर जेमतेम किलोभर तेल निघतं, मग ते स्वस्त कसं असणार?

दुसरी बाटली १० मिलीची, भद्रवाहच्याच तेलाची, ६५० रुपयांना. गडद तपकिरी काच, वर जुलैचा बॅच आणि ‘लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया’ हे वनस्पतीचं पूर्ण नाव. हे नाव बघूनच घ्या. नुसतं ‘लॅव्हेंडर’ लिहिलेलं पुष्कळदा लॅव्हेंडिन निघतं. ती संकरित जात आहे, तेल जास्त सुटतं म्हणून स्वस्त पडते, पण तिच्यात कापूर सहा-आठ टक्क्यांपर्यंत असतो. साबणाला, फरशी पुसायच्या द्रावणाला ते चालतं. झोपताना उशाशी घ्यायला मला तो उग्र वास नको वाटतो.

या बाटलीचा वास अगदी निराळा निघाला. पहिल्यांदा हुंगलं तेव्हा फुलांच्या खाली काहीतरी घरचं, ओळखीचं लागलं आणि ते काय हे दोन दिवस आठवेना. गोडा मसाला करायला धणे निवडत बसले होते, एक धणा चिमटीत फुटला आणि उलगडा झाला. नंतर वाचलं, धण्यांच्या सुगंधी तेलाचा मोठा भाग लिनालूल नावाचा घटक असतो आणि लॅव्हेंडरच्या दोन मुख्य घटकांपैकी एकही तोच. फ्रान्सच्या डोंगरांतलं फूल म्हणून जे परकं वाटत होतं, ते त्या दिवसापासून माझ्या मसाल्याच्या डब्यातलं झालं.

आता झोपेबद्दल. पद्धत अगदी साधी ठेवली. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, बोळा उशीच्या अभ्र्यात कडेला, चेहऱ्यापासून वीतभर लांब. पहिले चार दिवस छान झोप लागली, ती नव्याच्या नवलाईची असावी, कारण पुढचे दहा-बारा दिवस पुन्हा छताकडे बघण्यात गेले. तेव्हा सोडून देणार होते. मग विचार केला की आपण वॉर्डमध्ये कुठलंही औषध असं वेळी-अवेळी देत नाही, मग इथं का? घरी आल्यावर आंघोळ, दूधभात, जाड पडदे, मोबाइल स्वयंपाकघरात, आणि सगळ्यात शेवटी, पाठ टेकायच्या क्षणी, बोळा. रोज याच क्रमानं.

चार-पाच आठवड्यांनी फरक जाणवला. बोळा ठेवला की खांदे आपोआप सैल व्हायचे. नोंदी ठेवायची सवय आहे म्हणून पाठ टेकल्याची वेळ वहीत लिहीत होते आणि किती वेळ जागी होते त्याचा अंदाज उठल्यावर. फेब्रुवारीतल्या नाइटच्या आठवड्यात मुद्दाम तेल बंद केलं, बाकी क्रम तोच ठेवला. तेल असताना बहुतेक सकाळी अर्ध्या तासाच्या आत डोळा लागायचा. तेल नसताना पाऊण-एक तास जायचा. पण ऑक्टोबरच्या आधी, काहीच क्रम नव्हता तेव्हा, दोन-दोन तास जात होते. म्हणजे मोठं काम पडद्यांनी आणि मोबाइल दूर ठेवण्यानं केलं, उरलेलं या वासानं. वासानं माझ्या शरीराला सांगितलं की ड्यूटी संपली. मार्चमध्ये संध्याकाळी बातम्या बघताना सहज म्हणून बोळा जवळ ठेवायला लागले, तर दहा दिवसांत अंथरुणावरचा परिणाम फिका पडला. तेव्हापासून हा वास फक्त अंथरुणाचा, दुसरीकडे कुठे नाही.

तेलात स्वतःचा काही गुण नाही असं मी म्हणत नाही. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल बेचैनीसाठी मिळतात, त्यांच्यावर रीतसर चाचण्या झालेल्या आहेत. पण ते ठरलेल्या मात्रेत तयार केलेलं औषध आहे. बाटलीतले थेंब कोमट पाण्यात टाकून प्या असं सांगणारे व्हिडिओ मी पाहिलेत आणि हात जोडून सांगते, असं करू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि थेट घशाच्या नाजूक त्वचेला लागतं. घरात लहान मूल असेल तर बाटली औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर.

विजेवरचा डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास वाफेसारखा खोलीत सोडणारं यंत्र, महिनाभर वापरला. १०० मिली पाण्यात चार थेंब, अर्धा तास. आमच्या बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरला, दर आठवड्याला व्हिनेगरनं पुसावा लागे. ते जमलं असतं. पण घरात मांजर आहे, आणि मांजरांच्या यकृताला अशा तेलांतले घटक आपल्यासारखे पचवून बाहेर टाकता येत नाहीत. शिवाय दम्याची नणंद दिवाळीला आली होती, पाच मिनिटांत तिची छाती भरली. डिफ्यूझर त्याच दिवशी बंद केला. बोळ्याचा वास उशीपुरता राहतो, खोलीभर पसरत नाही, म्हणून तोच बरा. मांजर दिवसा बाहेरच्या खोलीत असतं. ड्यूटीवर तर मी कुठलाच वास लावून जात नाही. केमो चालू असलेल्या माणसाला आपल्या अंगचा सुगंधसुद्धा मळमळवतो.

त्वचेचं प्रकरण मात्र मनाला लागलं. तेल कधीही थेट लावायचं नाही हे माहीत होतं. ३० मिली साध्या तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, असं मिश्रण केलं आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. सुरुवात खोबरेल तेलानं केली, पण डिसेंबरात नाशिकच्या थंडीत ते बाटलीत दगडासारखं थिजलं. मग लाकडी घाण्याचं तिळाचं तेल आणलं. रात्री हातांना चोळायचं आणि वर सुती हातमोजे. दोन आठवड्यांत भेगा मिटायला लागल्या. मी खूश, वॉर्डमधल्या चौघी-पाचजणींना सांगूनही टाकलं.

सासूबाई सुरुवातीपासून म्हणत होत्या, “अगं, नुसतं तिळाचं तेल चोळ, त्या थेंबांनी काय होतंय?” त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. जानेवारीत तीन आठवडे उजव्या हाताला थेंबांचं मिश्रण लावलं आणि डाव्याला नुसतं तिळाचं तेल. एकविसाव्या दिवशी दोन्ही हात ओट्यावर शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही सारखेच बरे झाले होते. भेगा भरल्या त्या तिळाच्या तेलानं आणि हातमोज्यांनी. लॅव्हेंडरचा तिथं फक्त वास होता. मी सासूबाईंना तसं सांगितलं, वॉर्डमधल्या मैत्रिणींनाही.

तरीही वास आवडायचा म्हणून मिश्रण चालू ठेवलं, झोपताना मनगटांना आणि मानेलाही लावायला लागले. एप्रिलमध्ये ऊन चाळिशीला टेकलं आणि मानेवर लाल, खाजरे पुरळ उठले, मग मनगटांवर. आधी घामोळं समजले. आठवड्यानं ते ओलसर व्हायला लागले तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “सिस्टर, बाटली कधी उघडली होती? आणि ठेवता कुठे?” सहा महिने झाले होते आणि बाटली पश्चिमेच्या खिडकीत होती, झाकण कधी घट्ट, कधी सैल. त्यांनी समजावलं की ताज्या तेलातले हेच लिनालूल आणि त्याचा जोडीदार हवा लागून हळूहळू बदलतात आणि त्यातून जे तयार होतं ते त्वचेला ॲलर्जी आणणारं असतं. उष्णता त्यात भर घालते. कोपरावरची माझी चाचणी ऑक्टोबरातल्या ताज्या तेलाची होती. एप्रिलमध्ये बाटलीत तेच तेल उरलं नव्हतं, आणि ॲलर्जी तर वारंवार लावत गेल्यावरच तयार होते. तेल बंद केलं, आठवडाभर मलम लावलं, दोन-अडीच आठवड्यांत त्वचा निवळली. पण अशी ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, म्हणून आता साबण घेतानाही मागच्या यादीत लिनालूल आहे का ते वाचून घेते. ते किती साबणांत आणि शांपूंत असतं हे बघून मी चकित झाले.

भाजल्यावर हे तेल लावावं का, हे मला मैत्रिणी हमखास विचारतात. गातफोसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा हात १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला आणि त्यानं लॅव्हेंडर वापरलं, ही गोष्ट सगळीकडे फिरते. भाजलेल्यांच्या वॉर्डात मी दोन वर्षं काढली आहेत. भाजलं की वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. तेल नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको. फोड आला किंवा जागा तळहाताएवढी असेल तर दवाखाना गाठा.

मुलाबाबतही मी सावध आहे, तो आठ वर्षांचा आहे. २००७ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात तीन मुलग्यांची नोंद आली होती. लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल असलेली उत्पादनं अंगाला लावत असताना त्यांची छाती वाढली आणि वापर थांबवल्यावर उतरली. नंतरच्या अभ्यासांनी या संबंधावर शंका घेतली आहे, तरी त्याच्या अंगाला लावण्याची मला काहीच गरज दिसत नाही.

सध्या असं चाललंय: हातांना तिळाचं तेल, निव्वळ. एप्रिलमधली बाटली टाकून दिली. मॅडमना विचारून झोपेसाठी पाच मिलीची नवी बाटली आणली, ती फ्रिजच्या दारात असते, झाकण घट्ट, बुडाला मार्करनं उघडल्याची तारीख. थेंब कापसावर टाकताना बोटाला लागू नये म्हणून चिमटा वापरते. कालच नाइट संपली. सकाळी सव्वानऊला पाठ टेकली, बाहेर भाजीवाल्याची हाक येत होती, ती दुसऱ्यांदा ऐकल्याचं आठवत नाही. भद्रवाहला आता फुलं काढायचे दिवस आहेत. नव्या हंगामाचं तेल आलं की पुन्हा पाच मिलीच घेईन.