शॉकअपच्या नवीन स्प्रिंगचे पैसे घेतले आणि आत निघाला पीव्हीसी पाइपचा तुकडा

माझी 150 सीसीची गाडी 11 वर्षं जुनी आहे. पुढचा ब्रेक दाबला की पुढून एकदम खाली बसायची आणि स्पीडब्रेकरवर खाडकन आवाज यायचा. जवळच्या गॅरेजवाल्याने हँडल दाबून बघितलं, म्हणाला स्प्रिंगा गेल्यात दादा, दोन्ही बदलू, ऑइल-सील पण नवीन टाकतो. 2,600 घेतले. संध्याकाळी गाडी आणली तर पुढून चांगली उंच आणि कडक, मला वाटलं काम झालं.

दीड महिन्यात डाव्या शॉकअपमधून ऑइल गळायला लागलं आणि ब्रेकला परत तेच, खाली बसणं. विचारलं तर म्हणे रस्तेच असे आहेत. मग मी पुण्याच्या नाना पेठेतून पार्ट नंबर बघून स्प्रिंगा, सील, फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपमधलं ऑइल) पक्क्या बिलावर आणलं आणि रविवारी घरीच खोलायला घेतलं. मेन स्टँड, इंजिनखाली जॅक, पुढचं चाक काढलं, वरच्या टीचा, म्हणजे शॉकअप वरून धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट ढिला करून मग शॉकअपची टोपी सोडवली. हे करताना तोंड टोपीच्या वर आणू नका, आत स्प्रिंग दाबलेली असते, टोपी उडून डोळ्याला लागू शकते.

आत काय, तर जुनीच स्प्रिंग आणि तिच्यावर 4 सेंटीमीटरचा पीव्हीसी पाइपचा तुकडा, करवतीने वाकडातिकडा कापलेला. दुसऱ्या बाजूला पण तेच. नवीन स्प्रिंग शेजारी ठेवली तर जुनी 14 मिलिमीटरने आखूड. ऑइल काळं, वास मारणारं, आणि जी बाजू गळत नव्हती तिच्यातलं पण तसंच. सीलचं रबर कडक झालेलं, नवीन सील दीड महिन्यात असं होत नाही.

नुसता पाइप दिसला म्हणजे फसवणूक असं नाही हां, बऱ्याच गाड्यांना स्प्रिंगवर कंपनीचाच लोखंडी स्पेसर, म्हणजे जागा भरणारा नळीचा तुकडा असतो. पण जुन्या स्प्रिंगवर तुकडा ठेवला की ती आधीच दाबून बसते, गाडी पुढून उचलते आणि दोन दिवस नवीन वाटते, स्प्रिंगची ताकद मात्र तेवढीच राहते, म्हणून जोरात ब्रेक मारला की परत खाली. मला राग 2,600 चा नाही एवढा, मागे बायको आणि पोरगी बसायची त्या गाडीवर.

तुकडे घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, ज्याने काम केलं तो पोरगा आता कामाला नाही. बिल काढून बघितलं, त्यावर फक्त "शॉकअप काम 2,600" एवढंच, स्प्रिंगचा उल्लेखच नाही. इथेच मी अडकलो. तुम्ही बिलावर प्रत्येक पार्ट नंबरसकट लिहून घ्या आणि काढलेल्या जुन्या स्प्रिंगा तिथल्या तिथे मागा, बदलल्या असतील तर त्या असणारच. मी 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, पाइपचे तुकडे आणि फोटो जपून ठेवलेत.